अंबाझरी 'ओव्हरफ्लो' होतो म्हणजे नेमकं काय होते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, नमस्कार. आम्ही नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो. पावसाळा लागला की आमच्याकडे भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, 'ओव्हरफ्लो झाला का?' परवा नातीनं विचारलं, आजोबा हा शब्द आला कुठून? मी म्हटलं ओव्हर म्हणजे वर, फ्लो म्हणजे वाहणं, झालं. तर म्हणते, हे तर तुम्ही अर्थ सांगून राहिले, मी कुठून आला ते विचारलं! आता तुम्हीच सांगा. आणि मराठीत याला धड शब्द आहे की नाही तेही सांगा, कारण आमच्याकडे कोणी मराठीत म्हणतच नाही.
(एक आजोबा, अंबाझरी)

उत्तर: काका, नातीला आधी माझ्याकडून संत्रा बर्फीचा एक तुकडा द्या, शब्दाचा अर्थ वेगळा आणि जन्म वेगळा हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पण तुम्ही सांगितलं तोही नुसता अर्थ नव्हता बरं का, नकळत तुम्ही अर्धी व्युत्पत्ती सांगून मोकळे झालात.

ओव्हरफ्लो हे काही नळ आणि टाक्या आल्यावर कुण्या इंजिनियरनं बनवलेलं क्रियापद नाही. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही ते होतं, 'ओफरफ्लोवन' असं काहीसं, आणि अर्थही हाच, काठावरून वाहणं, जमीन पाण्याखाली घेणं. त्याचे दोन तुकडे. पहिला ओफर, आजचा ओव्हर, हा लॅटिनमधल्या 'सुपर'चा, ग्रीकमधल्या 'हायपर'चा आणि आपल्या संस्कृतातल्या 'उपरि'चा भाऊ. हे उपरि प्राकृतात 'उवरि' झालं, मग सुरुवातीचा उ गळाला, शेवटची इ गळाली आणि मराठीच्या हाती लागलं ते 'वर'. म्हणजे तुम्ही ओव्हर म्हणजे वर म्हणालात ना, तेव्हा भाषांतर नव्हतं केलं, एकाच जुन्या शब्दाची दोन नातवंडं समोरासमोर उभी केली होती.

आता दुसरा तुकडा, फ्लो, आणि खरी मजा इथे आहे. इंग्रजीत जिथे घरचा, म्हणजे लॅटिन-फ्रेंचमधून उसना न घेतलेला शब्द फ नं सुरू होतो, तिथे संस्कृतात बहुतेक वेळा प असतो. पिता आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पशु आणि फी (हो, फी सुद्धा, जुन्या काळी गुरंढोरं हाच पैसा). हा बदल योगायोगानं नाही, नियमानं होतो, आणि तो नियम १८२२ मध्ये नीट मांडला याकोब ग्रिमनं, तोच जर्मन माणूस ज्यानं भावासोबत परीकथा गोळा केल्या. त्याच्याही आधी, २ फेब्रुवारी १७८६ ला, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स नावाचा जज उभा राहून सांगत होता की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतकं साम्य आहे की त्या एकाच कुठल्या तरी मुळातून आल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ आता कदाचित उरलंही नसेल.

तर मग फ्लोच्या जागी प आणि ल शोधा. संस्कृतात धातू आहे 'प्लु', प्लवते, म्हणजे तरंगणं, पोहणं, पाण्यानं भरून टाकणं. त्यातून प्लव म्हणजे तराफा किंवा नाव, जलप्लावन, आप्लावित, आणि विप्लव, म्हणजे सगळं उलथंपालथं होणं. उड्या मारण्याचाही अर्थ याच धातूत आहे म्हणून मंडूकप्लुती म्हणजे बेडकाची उडी. व्याकरणात जो तीन मात्रांचा 'प्लुत' स्वर आहे तोही इथलाच, लांबून हाक मारताना आपण 'अरे भाऊऊऊ' असा जो ताणतो ना, तो. आणि तिकडे इंग्रजीत याच मुळातून फ्लो, फ्लड, फ्लोट, जहाजांचा ताफा म्हणजे फ्लीट, इतकंच काय उडणं म्हणजे फ्लायसुद्धा. लॅटिननं प तसाच ठेवला म्हणून तिथे पाऊस म्हणजे 'प्लुव्हिया'.

गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो, प्लंबर कधीकधी त्याला फ्लोट वॉल्व्ह म्हणतो. पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो, पाणी वर आलं की तोही वर येतो, दांडी उचलली जाते आणि नळ बंद. गोळा बिघडला की मग टाकीच्या वरच्या बाजूला जो पाइप काढलेला असतो त्यातून पाणी खाली अंगणात, आणि शेजारच्या काकू ओरडतात, 'ओव्हरफ्लो होऊन राहिलं हो!' म्हणजे फ्लोट आणि फ्लो हे एकाच घरातले, एकाचं कामच दुसऱ्याला अडवायचं. हे मला फार आवडतं, उगाच सांगितलं.

पण आता सावध व्हा, कारण नेमकं इथेच लोक घसरतात. फ्लो दिसला की वाटते फ्लुइड, फ्लुएंट, इन्फ्लुएन्स, सुपरफ्लुअस हे सगळे त्याचेच. अर्थही जुळतो, आवाजही जुळतो, वाहण्याबद्दलच आहेत सगळे. तरीपण नाही! हे सगळे लॅटिनच्या 'फ्लुएरे' मधून आले, आणि त्यातला सुरुवातीचा फ हा मूळच्या भ मधून आला. लॅटिनचा 'फ्राटेर' म्हणजे आपला भ्राता आणि इंग्रजीचा ब्रदर, तिथे बघा भ, फ आणि ब अशी तिकडी आहे. म्हणजे फ्लुएरेचा नातेवाईक इंग्रजीत असलाच तर तो ब नं सुरू व्हायला पाहिजे, फ नं नाही. सुपरफ्लुअस हा शब्द तर अक्षरशः ओव्हरफ्लोच आहे, सुपर म्हणजे ओव्हर आणि फ्लु म्हणजे वाहणं, पण त्यातलं सुपर हे ओव्हरचं खरं रक्ताचं नातं आणि फ्लु हे फ्लोचं फक्त नाव सारखं. अर्धा भाऊ आणि अर्धा तोतया. म्हणून मी नेहमी सांगते की चेहऱ्यावर जाऊ नका, नियम लावून बघा.

बरं, आता मराठीतला शब्द. आपण म्हणतो पूर आला. हा 'पूर' संस्कृतातल्या 'पॄ' धातूचा, म्हणजे भरणं. नियम लावा, प च्या जागी फ: पूर्ण आणि फुल! फिलसुद्धा तोच. म्हणजे गंमत अशी की इंग्रजांनी पाण्याच्या लोंढ्याला वाहण्यावरून नाव दिलं, फ्लड, आणि आपण भरण्यावरून, पूर. त्यांचा फ्लड आपल्या विप्लवाचा भाऊ आणि आपला पूर त्यांच्या फुलचा. या पॄ ची लेकरं मराठी घरात किती आहेत मोजून बघा: पुरा, पुरवठा, पौर्णिमा, खड्डा पुरणं, पैसे पुरणं, आणि सगळ्यात छान म्हणजे पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा भात घेऊन आला की आपण पानावर हात आडवा धरून म्हणतो ते 'पुरे, पुरे!' इंग्रज माणूस त्या वेळी 'आय ॲम फुल' म्हणतो. दोघं एकच शब्द बोलून राहिले आणि दोघांनाही पत्ता नाही.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, कारण नागपूरकर हमखास विचारतात: नागपूरमधला पूर तो नाही. तो मूळचा ऱ्हस्व 'पुर', म्हणजे तटबंदीची वस्ती, ग्रीकांच्या 'पोलिस' म्हणजे नगराचा नातेवाईक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांमध्ये घुसली, तेव्हा लोक म्हणत होते की आज नावाप्रमाणे नागचा पूर आला. बोलायला ठीक आहे, व्युत्पत्ती म्हणून नाही.

आणि धड मराठी शब्द? एक नाही, पायऱ्या आहेत, आणि इंग्रजीपेक्षा बारीक आहेत. तुडुंब म्हणजे खूप भरलं. काठोकाठ म्हणजे आता एक थेंब जागा नाही. नदी 'दुथडी भरून' वाहते तेव्हा दोन्ही थडींना, म्हणजे दोन्ही काठांना लागून वाहते, पण अजून पात्रातच आहे, हे पेपरवाले नेहमी विसरतात आणि गावात पाणी शिरलं तरी दुथडी लिहितात. तिच्या पुढे 'ओसंडून वाहणं', म्हणजे काठ ओलांडला, हा खरा ओव्हरफ्लो. तलावासाठी तर अगदी नेमका शब्द आहे, 'सांडवा'. जास्तीचं पाणी बांधाला धक्का न लावता निघून जावं म्हणून जी वाट मुद्दाम ठेवलेली असते ती सांडवा, आणि तलाव सांडव्यावरून वाहतो.

हे नातीला जरूर सांगा, कारण आपल्याकडे ओव्हरफ्लो म्हटलं की अर्धे लोक मोबाइल घेऊन बघायला निघतात आणि अर्धे घाबरून सामान वर चढवतात. सांडव्यावरून पाणी गेलं म्हणजे बांध बिघडला असं नाही, त्याचं काम तो बरोबर करून राहिला. प्रश्न दोन ठिकाणी येतो. एक, पाऊस इतका की सांडव्याला तो झेपत नाही, किंवा सांडव्याच्या पुढची वाट बुजलेली, आक्रसलेली असते, मग ते पाणी घरांत शिरते. दुसरं, पाणी सांडवा सोडून बांधाच्याच माथ्यावरून जाते, त्याला इंजिनियर ओव्हरटॉपिंग म्हणतात, आणि मातीच्या बांधाला ते फार वाईट, कारण पाणी मागच्या उतारावरची माती ओरबाडत नेते आणि बांध खचतो. आणि तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी येते ना, तो तर ओव्हरफ्लोच नाही. तिथे माणूस ठरवून पाणी सोडतो, त्याला 'विसर्ग' म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये मोजतात. तीन वेगळ्या गोष्टी, आणि आपण तिन्हींना एकच शब्द चिकटवून मोकळे.

प्रश्न: मॅडम, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकानं टाकलं, 'द लेक हॅज ओव्हरफ्लोन.' दुसरा म्हणे ओव्हरफ्लोड पाहिजे. यावरून सकाळी दहापासून जे सुरू झालं ते लंचपर्यंत, काम कोणीच केलं नाही. कोण बरोबर?
(एक वाचक, सिव्हिल लाइन्स)

उत्तर: दुसरा. आजच्या इंग्रजीत तलावासाठी ओव्हरफ्लोडच. ओव्हरफ्लोन हे 'ओव्हरफ्लाय' चं रूप आहे, म्हणजे तलावावरून विमान गेलं असं होईल. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ही चूक भरपूर सापडते, कारण ग्रो-ग्रोन, थ्रो-थ्रोन पाठ असतं, मग फ्लो-फ्लोन का नाही, असं डोकं चालते.

पण पहिल्याला अगदीच वेड्यात काढू नका. जुन्या इंग्रजीत फ्लो हे क्रियापद ग्रो-थ्रो च्याच पंक्तीत बसायचं, त्याचंही रूप आतून बदलायचं, नंतर ते साध्या 'ड' वाल्यांच्या पंगतीत येऊन बसलं. फ्लोन हे रूप तरीही बरेच दिवस रेंगाळलं. मिल्टनच्या १६६७ च्या पॅराडाइज लॉस्टमध्ये रात्री रस्त्यावर निघणाऱ्या मस्तवाल पोरांसाठी एक ओळ आहे, ती पोरं 'फ्लोन' आहेत, कशानं, तर उर्मटपणानं आणि दारूनं. पोरगं शिकताना वाचते आणि विचारते की ही पोरं उडत होती का? उडत नव्हती, उतली होती! इथला फ्लोन हा फ्लोचा आहे, भरून, फुगून, काठाबाहेर आलेला.

आणि मग आपल्या श्रावणातल्या कहाण्यांमधलं ते वाक्य आठवा, 'उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका.' दूध उतते तसा माणूसही उततो, आणि उतला की लगेच पाठोपाठ मातणं आलंच. मिल्टननं उर्मटपणा आणि दारू एका ओळीत बसवली, आपल्या आजीनं उतणं आणि मातणं. तिकडे महाकाव्य लागलं, इकडे सोमवारची कहाणी पुरली. ग्रुपवर हे टाका, म्हणजे दुपारचंही काम होणार नाही.

प्रश्न: ताई, माझी मुलगी बंगलोरला जॉबला आहे, तिच्या रूममेट सगळ्या बाहेरच्या. दिवाळीला इथून पुरणपोळ्या नेल्या तर तिथे त्यांना दाखवायला म्हणून तिनं स्वतः करून पाहिल्या, आणि पुरण इतकं भरलं की पोळी तव्यावर फाटली. तिला त्यांना इंग्रजीत सांगायचं होतं तर म्हणाली 'ओव्हरफ्लो झालं.' बरोबर आहे का? आणि तुम्ही मागच्या वेळी लिहिलं होतं की पुरण आणि फिल यांचं काही नातं आहे, ते नीट समजलं नाही.
(एक गृहिणी, महाल)

उत्तर: आधी नातं. पुरण म्हणजे पूरण, भरायची वस्तू. वर ज्या पॄ धातूची गोष्ट सांगितली तोच. इंग्रजीत केकच्या किंवा सँडविचच्या आतल्या सारणाला 'फिलिंग' म्हणतात, तर पुरण आणि फिलिंग हे अर्थानंही एक आणि रक्तानंही एक. असं क्वचित होते. तिच्या रूममेटना सांगायला यापेक्षा सोपं काय पाहिजे, म्हणावं पुरणपोळी म्हणजे फुल-पोळी.

ओव्हरफ्लो मात्र इथे चालणार नाही. ओव्हरफ्लोसाठी वाहणारी वस्तू लागते, पाणी, दूध, धान्यसुद्धा चालेल कारण तेही धारेनं पडते, आणि लाक्षणिक म्हणाल तर माणसांची गर्दी. शिजवून घोटलेलं पुरण वाहत नाही. (वाहत असेल तर डाळ नीट आटवली नाही, तो प्रश्न इंग्रजीचा नाही.) तिनं म्हणायला पाहिजे होतं 'आय ओव्हरफिल्ड इट अँड इट स्प्लिट.' पुरण फटीतून थोडं थोडं बाहेर येत असेल तर ऊझ्ड.

एवढं लिहिलंच आहे तर पोळीचंही लिहिते. आपल्या विदर्भातली पोळी म्हणजे आत पुरण जास्त आणि बाहेर कणीक नावाला, आणि वरून तूप असं की वाटीत बुडवूनच खायची. त्यामुळे भरायला कंजूषी करायचा प्रश्नच नाही, फाटते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कारणानं. कणीक सैल आणि तेल लावून चांगली तासभर मुरलेली पाहिजे, पुरण आणि कणीक दोघांचा मऊपणा सारखा पाहिजे, आणि उंडा बंद करताना वर जो जाड शेंडा राहतो तो चिमटून काढून टाकायचा. पुरण घट्ट आणि कणीक मऊ असेल तर लाटताना पुरण मधेच बसते, कडेला जातच नाही, आणि मधून फाटते. म्हणजे ओव्हरफिल न करताही फाटू शकते, मुलीला सांगा, हिंमत सोडू नको.

आणि दूध उतू जाणं म्हणजेही ओव्हरफ्लो नाही बरं का, त्याला इंग्रजीत 'बॉइल ओव्हर'. तिथे भांडं जास्त भरलेलं नसते, अर्धं असलं तरी उतते. तापताना वर प्रथिनांची आणि स्निग्धाची साय धरते, खालून वाफेचे बुडबुडे येतात, साय त्यांना फुटू देत नाही आणि सगळा फेस चढत जाऊन गॅसवर. पाणी उकळलं तर असं होत नाही कारण त्याला साय नाही.

प्रश्न: मॅम, मी फर्स्ट इयर इंजिनियरिंगला आहे. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना सर म्हणाले 'इंटिजर ओव्हरफ्लो', इंटिजर म्हणजे पूर्णांक. पण तिथे तर काही वाहत नाही, उलट नंबर एकदम निगेटिव्ह होतो. हा शब्द चुकीचा नाही का?
(एक विद्यार्थी, हिंगणा रोड)

उत्तर: बेटा, प्रश्न भारी आहे. शब्द चुकीचा नाही पण अर्धाच आहे. भांडं आणि त्याची मापात बसणारी हद्द इतकंच त्यांनी उचललं. सोळा बिटांच्या चिन्हवाल्या, म्हणजे उणे आकडेही ठेवणाऱ्या खात्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, ३२,७६८ टाकलं की मावत नाही, इथपर्यंत ओव्हरफ्लो. पुढे जे होते, म्हणजे बहुतेक मशीनवर आकडा फिरून उणे ३२,७६८ वर जातो, त्याला वेगळा शब्द आहे, 'रॅप अराउंड'. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचं तसं. तुमच्या सी मध्ये तर चिन्हवाल्या इंटिजरचं असं झालं तर काय होईल याची भाषेकडून गॅरंटीच नाही, सरांना विचार, परीक्षेत येते.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान ५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत त्याचं दिशाज्ञान गेलं, वळलं आणि हवेतच फुटलं. चौकशीत निघालं काय, तर आडव्या वेगाशी संबंधित एक चौसष्ट बिटांचा आकडा सोळा बिटांच्या इंटिजरमध्ये कोंबला होता. तो कोड आधीच्या आरियान ४ वरून तसाच उचललेला, त्या रॉकेटवर तो आकडा कधी इतका वाढायचाच नाही, म्हणून तिथे कोणी झाकण बसवलं नव्हतं. नवं रॉकेट जास्त वेगवान, आकडा मोठा, आणि मावला नाही. १९ जानेवारी २०३८ ची तारीखही लिहून ठेव. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणाऱ्या सिस्टिमचा आकडा त्या दिवशी २,१४,७४,८३,६४७ ला पोचतो आणि भरतो. तोपर्यंत तू नोकरीत असशील, तुझ्याच गळ्यात येईल ते.

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही जे करता त्यालाही एक भरण्याचंच क्रियापद आहे, 'क्रॅम'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ठासून भरणं, कोंबणं. आपण त्याला रट्टा म्हणतो, भरण्याचा काही उल्लेखच नाही, आणि मला वाटते आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे, कारण त्या रात्री आत काही भरलं जातं याचा पुरावा अजून मला मिळालेला नाही.

प्रश्न: मॅडम, माझ्या भावाला कंपनीनं 'रिडंडंट' म्हणून काढलं. घरी सगळे म्हणतात म्हणजे बिनकामाचा ठरवला. डिक्शनरीत पाहिलं तर फालतू, अनावश्यक असंच दिलं आहे. इतका वाईट शब्द का वापरतात हे लोक?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: भावाला आधी सांगा की इंग्रजीच्या नोकरीच्या भाषेत माणूस रिडंडंट होत नाही, ती जागा होते. कामात कसूर झाली म्हणून काढणं वेगळं, त्याला दुसरे शब्द आहेत. घरच्यांनाही हेच सांगा, जरा मोठ्यानं.

मूळही वाईट नाही. लॅटिनमध्ये 'उंदा' म्हणजे लाट. तिच्यावरून 'रेदुंदारे', लाट परत उलटून काठाबाहेर येणं, म्हणजे पुन्हा आपला ओव्हरफ्लोच. रिडंडंट म्हणजे ओसंडलेलं, भांड्यात न मावलेलं. दोष पाण्याचा नाही, भांडं लहान. याच उंदापासून 'अबंडंट' म्हणजे विपुल, तिथेही लाटच भरून वाहते पण तो शब्द लोक कौतुकानं वापरतात. पुरानं सगळं बुडवणं म्हणजे 'इनअंडेट', तोही हाच. आणि या लाटेचं आपल्याशीही नातं आहे: उदक, समुद्र, इंग्रजीतलं वॉटर, रशियनमधली वोडका, संस्कृतातला उद्र म्हणजे पाणमांजर आणि इंग्रजीतला ऑटर, हे सगळं एकाच ओल्या मुळाचं.

या कुटुंबातला सगळ्यात लपलेला माणूस मात्र 'सराउंड'. चहूबाजूंनी घेरणं म्हणतो ना आपण, त्यात 'राउंड' दिसतो म्हणून सगळ्यांना वाटते की राउंड म्हणजे गोल, गोल घेरलं, सराउंड, संपलं. पण पंधराव्या शतकात इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता पाण्याखाली बुडवणं, ओसंडून वाहणं! उशिराच्या लॅटिनमधलं 'सुपेरुंदारे', सुपर म्हणजे वर आणि उंदा म्हणजे लाट, ते फ्रेंचमधून घासून इंग्रजीत आलं. शेतं सराउंड झाली म्हणजे शेतं पाण्याखाली गेली. मग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या कानाला त्यात राउंड ऐकू यायला लागलं, फ्रेंचमध्ये त्याचा वरचढ होणं असाही अर्थ होताच, आणि हळूहळू पाणी गळून गेलं, घेरणं तेवढं उरलं. मूळ शब्दात राउंड कुठेच नव्हता.